लाखोरीचं पिवळं पाणी

माझं लग्न तिसऱ्यांदा मोडायच्या बेतात आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आणि मोडणारा माणूस याही वेळी तोच होता. मधुकरराव पाटील. बपेऱ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात कुणाच्या मुलीची चौकशी करायला पाहुणे आले की ते आधी त्यांच्या छपरीत, म्हणजे ओसरीवर, जाऊन बसतात. शांत बोलणारा, सत्तरीला टेकलेला माणूस. चहा पाजतो, मुलीची तारीफ करतो आणि पाहुणे उठायला लागले की आवाज खाली आणून एक वाक्य बोलतो. आमच्या घराविषयीचं वाक्य ठरलेलं होतं. पोरगी चांगली आहे, पण त्या घरात पायाची खोट आहे, रक्तातूनच चालत आली आहे.

वाक्य खोटं म्हणावं तर पुरावे घरातच होते. माझे आजोबा, गोमाजी, मधुकररावांच्याच घरी सालदार होते. वर्षाच्या बोलीवर राबायचे. त्यांनी शेवटची वीस वर्षं अंगणात बसून सरकत काढली. माझे बाबा, गुलाब, दोन बांबूच्या काठ्यांवर चालतात. गुडघे वाकलेले, टाचा जमिनीला टेकत नाहीत, एक पाय दुसऱ्याच्या आडवा येतो. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा असे चालतात. शाळेत गेल्यावर पोरांनी त्यांची नक्कल करून दाखवली तेव्हा समजलं.

याच वाक्यावर माझ्या आत्याचं, मंगलाबाईचं, लग्न चौऱ्याहत्तर साली मोडलं होतं. साखरपुडा झाला होता, नवरीचं लुगडं घरात येऊन पडलं होतं. त्यानंतर तिला कुणी विचारायलाच आलं नाही. ती आमच्याच घरी राहिली. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून आत्यानेच मला वाढवलं. रोवणीला जायची, निंदणाला जायची, आणि संध्याकाळी चिखलाच्या हातांनीच माझी पाटी पाहायची. तोंडाची फटकळ. गावात तिला सगळे दबून असत, एक मधुकरराव सोडून. त्यांच्या घरावरून जाताना ती मान वळवून थुंकायची, आणि हे ती इतकी वर्षं इतक्या नेमाने करत आली की त्यांच्या घरच्यांनी दखल घेणंही सोडून दिलं होतं.

बाबांचं मात्र उलटं. ते कधी काही बोलले नाहीत. माझी पहिली दोन स्थळं परत गेली तेव्हाही नाही. मी आदळआपट केली, म्हटलं तुम्ही एकदा जाऊन त्या माणसाला विचारा तरी. ते काठ्या भिंतीला टेकवून दोरी वळत बसले. मला मधुकररावांपेक्षा त्यांचाच राग जास्त यायचा. माणसाचे पाय गेले तरी जीभ असते, असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं होतं. त्याची अजून लाज वाटते, पण म्हटलं होतं हे खरं.

मी शिकून आहारतज्ज्ञ झाले. तालुक्याच्या ठिकाणी कंत्राटी नोकरी होती. बाळांची वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या ताटात काय पडतं ते विचारायचं. या कामात एक गोष्ट पक्की कळते. आजीच्या ताटात जी तूट पडली ती नातवाच्या वजनात सापडते. आई पोटात असताना तिच्या आईला काय मिळालं, तिथपर्यंत मागे जावं लागतं. आमच्या घरात मात्र आजोबांचं ताट माझ्यापर्यंत वेगळ्याच वाटेने आलं होतं, लोकांच्या तोंडून.

दोन हजार बारा साली भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण होतं. तिथे एका डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवले. वाकलेले गुडघे, वर उचललेल्या टाचा, दोन काठ्या. माझ्या बाबांचाच फोटो कुणी काढून आणला की काय असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार रक्तातून येत नाही, ताटातून येतो. दुष्काळात धान बुडतं, पण धानाच्या बांधीत उरलेल्या ओलीवर लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, येते. महिनोन्‌महिने नुसती लाखोरीच खाल्ली की तिच्यातलं विष कमरेखालच्या नसा मारतं. मुलाबाळांना ते जात नाही. आणि ते विष पाण्यात उतरतं. गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी ओतून दिलं की बराचसा धोका टळतो.

मी बसमधून घरी येईपर्यंत हवेत होते. कारण त्याच आठवड्यात अश्विनचं स्थळ अडकलं होतं. अश्विन वरठीचा, तिथल्या पोलादाच्या कारखान्यात नोकरीला. आम्ही दोनदा भेटलो होतो आणि दोघांनाही एकमेकांचं बरं वाटलं होतं. मग त्याचे वडील, खुशालजी, चौकशीला गावात येऊन गेले आणि निरोप आला की थोडं थांबू. अश्विनने फोनवर खरं ते सांगितलं. बाबांना नातवंडांच्या पायांची भीती वाटते म्हणाला. तुला काय वाटतं, असं मी विचारलं. तो कारखान्यातल्या पाळीचं सांगायला लागला, आणि मी फोन ठेवला.

म्हणून त्या संध्याकाळी मी दारातूनच सांगायला सुरुवात केली. लाखोरी, विष, पाणी, सगळं. आत्या तांदूळ निवडत होती. बाबा नेहमीच्या जागी. मी म्हटलं, आता मी खुशालजींना प्रशिक्षणात मिळालेलं पुस्तक नेऊन दाखवते. बाबा एकदम म्हणाले, "पुरे कर भावना. लाखोरी तं अख्ख्या गावानं खाल्ली होती. पाय आपलेच गेले."

माझी सगळी हवाच गेली. कारण मधुकररावही हेच म्हणत. गावातल्या म्हाताऱ्यांना लाखोरीचा संशय होता, नव्हता असं नाही. पण सहासष्ट सालच्या दुष्काळात सगळ्याच सालदारांना मजुरी म्हणून धानाऐवजी लाखोरी मिळाली होती आणि सगळ्यांनीच ती खाल्ली होती. कुणी दोन महिने लंगडला, बरा झाला. कायमचे पाय गेले ते आमच्या घरातल्या दोघांचे. मग रक्त नाही तर काय?

आत्याने मला एकच विचारलं. "पाण्यात उतरते म्हणते? पिवळ्या पाण्यात?" मी हो म्हटलं. तिने सूप खाली ठेवलं आणि उठून मागच्या दारी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं मधुकररावांचा संताप आला असेल. तो होताच, पण तेवढाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, अश्विनच्या वडिलांना रविवारी बोलाव. मी पुस्तक काढू का विचारलं. ती म्हणाली पुस्तकावर कोण विश्वास ठेवतो, लोक मधुकररावांवर ठेवतात, तेव्हा मधुकररावच सांगतील. हे ऐकून मला हसू आलं. आत्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

रविवारी सकाळी तिने लाखोरीवर उकळतं पाणी ओतलं आणि झाकून ठेवलं. मला वाटलं पाहुण्यांसाठी वडे करणार, आमच्याकडे पाहुण्यांना लाखोरीचे वडे लागतातच. वडे तिने केलेच. पण भिजवणीचं पिवळं पाणी ओतून न देता पितळी गडव्यात भरलं आणि वर वाटी उपडी घातली. मी पाहत होते. विचारलं तर म्हणाली, "पाटलाच्याच बांधीतली लाखोरी आहे. त्याईचं त्याईले देतो."

खुशालजी आणि अश्विन दहाच्या सुमाराला मोटारसायकलवर आले. खुशालजी साधा माणूस, सारखा रुमालाने मान पुसणारा. वडे खाल्ले, तारीफ केली आणि अवघडून बसले. आत्या म्हणाली की तुमच्या मनात शंका ज्यांनी घातली त्यांच्याकडेच चला, माझ्यासमोर पुन्हा विचारा. खुशालजींना ते बरं वाटलं नाही, पण नाही म्हणायलाही जमलं नाही. बाबा म्हणाले, "मंगला, जाऊ नको." ती थांबली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि गडवा उचलून चालायला लागली.

मधुकररावांनी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. आत्या पायरीवर बसली, मी तिच्या मागे. आत चहाचं सांगून झालं. मग आत्याने हळू आवाजात त्यांना विनंती केली की त्या दिवशी जे सांगितलं ते परत सांगा. तिचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

मधुकररावांनी मान हलवली. "मी कायले खोटं बोलू? पोरगी चांगली आहे, शिकलेली आहे. पण गोमाजीचे पाय गेले, गुलाबचे गेले. लाखोरी म्हणतात, तं लाखोरी मी बी खाल्ली, अजून खातो. मंग रक्ताचीच खोट म्हणावी लागन ना?"

"बरोबर आहे," आत्या म्हणाली.

अश्विनने माझ्याकडे पाहिलं. आत्याने गडव्यावरची वाटी सुलटी केली, त्यात पाणी ओतलं आणि वाटी मधुकररावांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली. ओतताना पाण्यावर फेस आला. "लाखोरीचं पाणी आहे. सकाळीच भिजवली. रक्ताचीच खोट असन तं तुमाले यानं काही होणार नाही. प्या."

मधुकरराव हसले. म्हणाले मला साखर आहे, डॉक्टरने काहीबाही प्यायला मनाई केली आहे. आत्याने तीच वाटी उचलली, एका दमात रिकामी केली, पदराने पुसली आणि पुन्हा भरून ठेवली. "गोड नाही. मी पेली. आता तुमी."

आता हे खरं की एक वाटी पाण्याने कुणाच्याही केसाला धक्का लागत नाही. महिनोन्‌महिने पोटात जावं लागतं. तिथे हे जाणणारी मी एकटीच होते, सर्टिफिकेट असलेली. मी बोलले नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला तो मी डोळे भरून पाहिला. मला आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही. माझ्या आत्याच्या लुगड्याची घडी त्या घामासाठी अडतीस वर्षं पेटीत पडून होती.

खुशालजी त्यांच्याकडे पाहत होते. पाहुण्यांसमोर माघार कशी घ्यायची? मधुकररावांनी हात पुढे केला. वाटी उचलली. ती ओठापर्यंत गेली आणि आतल्या दारातून त्यांच्या बायकोचा, सत्यभामाबाईंचा, आवाज आला.

"नका लावू तोंडाले. ते पाणी आपण ढोरालेही पाजत नव्हतो."

चहाचा ट्रे हातात घेऊन त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर समजलं. मधुकररावांनी वाटी खाली ठेवली. मग खुशालजींनी मान पुसणं थांबवलं आणि सरळच विचारलं, म्हणजे या पाण्यात काय आहे हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं? मधुकरराव म्हणाले, जुनी माणसं ओतून द्यायची, म्हणून आम्हीही ओतून देत होतो, कोण विचारतं कशाला. खुशालजी म्हणाले, मग यांच्या घरचे पाय कसे गेले? आम्हीही लाखोरी खाऊनच जगलो त्या साली.

आत्या सत्यभामाबाईंकडे वळली होती.

"बोला पाटलीनबाई. ढोराले नव्हता पाजत. मंग ते पाणी जात कुठं होतं?"

सत्यभामाबाई सहासष्ट साली या घरात नव्या सून म्हणून आल्या होत्या. त्यांनी पुढे येऊन ट्रे पाहुण्यांसमोर ठेवला. "आम्ही नाही पाजलं. तूच येत होतीस रोज ते पाणी न्याले, गंज घेऊन. सासूबाई म्हणत, मागून राहिली तं नेऊ द्या."

"हाव," आत्या म्हणाली. "मीच नेत होती. दहा वर्षाची होती मी. मले वाटे, मोठ्याच्या घरी चांगली चीज फेकतात. माय त्यात मीठ-मिरची टाके. आदी बाबाले, मंग दादाले, दोघं कामाले जात म्हणून. आमच्या बायायच्या वाट्याले उरतच नव्हतं, म्हणून आमी चालून राहिलो. मले माहीत नव्हतं. तुमाले होतं. तुमी याच दारात उभ्या राहून पाहत होत्या."

आवाज चढला नाही. रडलीही नाही. मी तिच्या मागे बसले होते, मला तिची पाठ दिसत होती आणि पोलक्याची शिवण ताणलेली दिसत होती. दोन दिवस न जेवता तिने काय गिळलं होतं ते मला तेव्हा समजलं. आमच्या रक्तावरचा डाग पुसायचा तर एकच रस्ता होता, तो डाग स्वतःच्या हातावर घेणं. आणि तिने तो मधुकररावांच्या छपरीत, त्यांच्याच बायकोच्या तोंडून घेतला, म्हणजे उद्या कुणाला खोटं म्हणता येणार नाही.

खुशालजी उठले. समोरचा चहा तसाच राहिला. मधुकररावांना त्यांनी नमस्कार केला नाही. आत्याला मात्र जयभीम म्हणाले आणि पुढे म्हणाले की तारीख तुम्हीच काढा, ताई. आत्या उठली. गडवा आणि भरलेली वाटी तिने तिथेच राहू दिली.

घरी बाबा दाराशी उभे होते, काठ्यांवर, किती वेळ कुणास ठाऊक. पाहुणे गेल्यावर आत्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, दादा, तुझे पाय मी नेले. पाणी मी आणत होते.

बाबांनी काठीच्या टोकाने जमीन उकरली. मग म्हणाले, "मले बयाशी सालीच समजलं. नागपूरच्या डाक्टरनं इचारलं होतं, पाणी फेकत होते का पीत होते. मी सांगितलं, फेकत होतो."

"काहून?"

"तुयं नाव सांगू काय? तुयं लगन मोडून आठ वर्षं झाले होते तवा. अजून हे बी तुया डोक्यावर टाकू?"

तीस वर्षं. तीस वर्षं हा माणूस मधुकररावांचं वाक्य ऐकून घेत होता, कारण त्याला उत्तर द्यायचं तर बहिणीचं नाव घ्यावं लागलं असतं. माझी दोन स्थळं त्याने याच गप्प बसण्यात घालवली. मला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही. आत्या मात्र रडली, तोंडात पदर कोंबून, आणि रडता रडता बाबांनाच शिव्या देत राहिली.

तिसऱ्या दिवशी मधुकररावांचा गडी धनीराम आमच्या दारात आला. तोपर्यंत वरठीहून तारखेचा निरोप आला होता आणि गावभर पाण्याची गोष्ट झाली होती. धनीराम म्हणाला, तुमचा गडवा अन वाटी छपरीतच पडली आहे, घेऊन जा म्हणतात. मी विचारलं, तूच का नाही आणलास? तो पाय चोळत म्हणाला, त्या घरात कुणीच त्याला हात लावत नाही. पाटलीनबाई तर छपरीत येतच नाहीत. पाण्यावर माशा बसतात, वास सुटला आहे, मालक खुर्ची बाहेर झाडाखाली घेऊन बसतात.

आत्या मागच्या दारी भांडी घासत होती. तिथूनच तिने ऐकलं. घासणं न थांबवता म्हणाली, "राहू दे तेथीच. पाटलीनबाईले म्हणा, पाहत राहा. त्याईले पाहाची सवय आहे."